कोरा कोपरा

लिफाफा परत आला तेव्हा त्याच्या उजव्या कोपऱ्यात कुंकवाचा ठिपका होता आणि त्याचे तोंड अजून चिकटलेलेच होते. कौतिकराव महाजनांनी तो उलटा केला, पुन्हा सुलटा केला, खिडकीतल्या उजेडापाशी नेला. डिंक ज्योतीबाईंनी लावला होता; घाईत बोट ओढल्याने त्याची जी एक वेडीवाकडी रेघ फटीबाहेर सुकली होती, ती जशीच्या तशी होती. म्हणजे शेठजींनी लिफाफा उघडलेला नव्हता. आतली बावीस पाने, 'लिबेर्तास: एका लॅटिन शब्दाचा प्रवास' हे कौतिकरावांचे धुळ्याला द्यायचे व्याख्यान, बंद लिफाफ्यातच मंजूर होऊन आले होते. एरवी ते सुटी पाने दोऱ्याने बांधून, रुमालात गुंडाळून पाठवीत. यंदा मार्चच्या सुरुवातीलाच कूलर लावावा लागला, त्याच्या वाऱ्याने पाने उडू लागली, म्हणून ज्योतीबाईंनी ती लिफाफ्यात कोंबली आणि तोंड चिकटवून टाकले. एवढ्याशा कारणाने अठ्ठावीस वर्षांचा एक व्यवहार उजेडात आला होता. कौतिकराव खुर्चीवर बसले, आणि भर दुपारी जिना उतरताना शेवटची पायरी संपली आहे हे पायाला न कळावे तसे त्यांना झाले.

जळगावातल्या ज्या महाविद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञान शिकवले, ते सोहनलाल शेठजींच्या घराण्याने काढलेले. संस्थेच्या वसाहतीतले दोन खोल्यांचे घरही त्यांचेच. निवृत्तीला तीन वर्षे होऊन गेली तरी 'राहा हो सर, कुठे जाता' या एका वाक्यावर कौतिकराव तिथे राहत होते. असा उदार मालक शोधूनही सापडला नसता. शेठजींनी त्यांना कधी अडवले नाही, कधी आवाज चढवला नाही. अठ्ठावीस वर्षांत कौतिकरावांनी लिहिलेला प्रत्येक लेख, प्रत्येक भाषण, एकदा तर एका श्रद्धांजलीचे दीड पान, छापण्याआधी शेठजींकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात कुंकवाचा ठिपका घेऊन परत आले. एक ओळ कधी कापली गेली नाही. कौतिकराव हे अभिमानाने सांगत. तर्काच्या बाबतीत ते मोठे काटेकोर. स्वल्पविरामासाठी संपादकाशी आठवडाभर पत्रव्यवहार करणारा हा माणूस. पण या एका युक्तिवादातले छिद्र त्यांना कधी दिसले नव्हते. कापायला काही उरतच नव्हते, कारण जे कापले जाईल असे वाटे ते पाठवण्यापूर्वी त्यांनी स्वतःच कापलेले असे.

लिफाफा फोडण्याचे त्यांना धैर्य होईना, आणि त्याची गरजही नव्हती. आतले प्रत्येक वाक्य त्यांना पाठ होते. तिसऱ्या पानावर त्यांनी लिहिले होते की रोमन माणसाच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे मनास येईल ते करणे नव्हे, ती एक अवस्था होती. ज्याच्यावर धनी नाही तो स्वतंत्र. धनी दुष्ट की दयाळू हा प्रश्नच तिथे गैरलागू. दयाळू धन्याचा गुलाम उन्हात राबत नसेल, त्याच्या पाठीवर वळ नसतील, त्याला गोड खायला मिळत असेल. पण उद्या सकाळी धन्याची मर्जी फिरू शकते हे त्याला ठाऊक असते, आणि म्हणून तो आज संध्याकाळीच आपला चेहरा त्या मर्जीच्या बेताने बसवून ठेवतो. हे वाक्य लिहिताना त्यांना फार समाधान वाटले होते. किती नेमके उतरले आहे, असे म्हणून त्यांनी चहा मागवला होता, आणि चहा पिऊन ती पाने शेठजींकडे पाठवण्यासाठी रुमाल शोधायला ते उठले होते. आता त्या रुमालाची आठवण होऊन त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. रोममध्ये हिवाळ्यात एक सण असे, त्या दिवसांत गुलामांना धन्यासमोर वाटेल ते बोलण्याची मोकळीक मिळे. सहाव्या पानावर त्यांनी त्याची थट्टा केली होती. परवानगीने मिळालेले धाडस, असा शब्दप्रयोग त्यांनी तिथे योजला होता. आणि पुढे सम्राट आले, लोकांच्या हातून ती अवस्था गेली, तेव्हा त्यांनी तो शब्द मात्र नाण्यांवर उमटवून घरोघर पोचवला, हेही त्यांनीच लिहिले होते. कोपऱ्यातल्या कुंकवाकडे पाहताना त्यांना ते नाणे तळहातावर असल्याचा भास झाला.

किती वाक्ये कापली असतील? त्यांना वाटले होते, आठवणार नाहीत. पण ती एकेक करून येऊ लागली, जणू इतकी वर्षे बाहेरच्या ओसरीवर बसूनच होती. शिक्षणसंस्था आणि दाते यांवरच्या लेखातला एक परिच्छेद. गांधीविचारावरच्या भाषणातली दोन वाक्ये. आणि मग, सगळ्यांच्या मागून, न घाई करता, सुपडू आला. सुपडू हिलाल सोनवणे, ग्रंथालयातला शिपाई. खाकी कपडे, खाकी टोपी, पुस्तकांना धूळ लागली तर स्वतःच्या अंगाला लागल्यासारखा झटकणारा. एकोणीसशे नव्याण्णव साली परीक्षेच्या दिवसांत हुकूम निघाला की वाचनालय सायंकाळी सहाला बंद करावे, कारण सहानंतर मुले तिथे वाचत नाहीत, राजकारण बोलतात. धरणगाव-जामनेरकडची मुले एकेका खोलीत दहा-दहा राहत, दहांत एक दिवा. ती कुठे वाचणार? सुपडूने वाचनालय नऊपर्यंत उघडे ठेवले. नऊ दिवस. दहाव्या दिवशी त्याच्यापुढे माफीनामा आला. तोही मायेनेच आला होता: एक सही कर, झाले गेले विसरून जाऊ. कौतिकराव तेव्हा तिथे, पुस्तके घ्यायच्या खिडकीपाशीच उभे होते. सुपडूने कागद वाचला, घडी करून परत दिला, टोपी काढून लाकडी फळीवर ठेवली आणि उघड्या डोक्याने पायऱ्या उतरून गेला. त्याच्या केसांवर टोपीच्या काठाचे गोल वळण उमटलेले होते. ते वळण कौतिकरावांना आज छताकडे पाहतानाही स्पष्ट दिसले. रोममध्ये मुक्त झालेल्या गुलामाच्या डोक्यावर लोकरीची टोपी घालीत. इथे एकाने ती काढून ठेवली होती, एवढाच फरक. दोन हजार चार साली महाविद्यालयाच्या गौरवग्रंथात कौतिकरावांनी ग्रंथालयाचा इतिहास लिहिला, त्यात सुपडूवर चार वाक्ये लिहिली, एक रात्र ती तशीच ठेवली आणि सकाळी पान बदलून टाकले. मग ते पान ठिपक्यासाठी गेले. शेठजींनी काहीही कापले नाही.

"बाराच्या बसनं जायचं ना धुळ्याला परवा? मग असे काय बसलात?" ज्योतीबाई दारात उभ्या होत्या.

"शेठजींनी लिफाफा उघडलाच नाही."

त्यांनी लिफाफा हातात घेतला, आपल्याच डिंकाची रेघ ओळखली आणि हसल्या. "म्हणजे न वाचता पास. तुमच्या पोरांना तुम्ही असं कधी केलं नाहीत."

"मी त्यांच्याकडं जाऊन येतो."

"काय विचारायला?"

 चपला घालून ते बाहेर पडले.

शेठजी झोपाळ्यावर होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे शरीर मावूनही पांढरी बंडी सैल उरलेली. शेजारी नात हर्षिता त्यांना मोबाइलवरच्या बातम्या हिंदीत सांगत होती. "या सर, बसा. हर्षिता, सरांना चहा सांग, बिनसाखरेचा नको, गोडच." कौतिकरावांनी लिफाफा पुढे ठेवला आणि तो न उघडताच परत आला असल्याचे अगदी हलक्या आवाजात सांगितले. शेठजींनी तो डोळ्यांजवळ धरला. "मग? ठिपका आहे ना?"

"आहे. पण आपण वाचलं नाहीत."

"मी कधी वाचलं?" शेठजींना खरोखरच नवल वाटले. "सर, मी मराठी वाचतो ती दुकानाच्या पाटीपुरती. तुमची भाषा कुठे, मी कुठे. पहिल्यांदा तुम्ही कागद घेऊन आलात तेव्हा माँसा बसल्या होत्या, माझ्या आई धनकुंवरबाई, आठवतं? त्या म्हणाल्या, नवं लिखाण घरात आलं, कुंकू लावा. आमच्यात नव्या वहीला, नव्या कागदाला लावतातच. मग तुम्ही दर वेळी आणत राहिलात. मी म्हटलं, सरांची श्रद्धा आहे. लावत राहिलो."

हर्षिता हसू दाबून चहा आणायला आत गेली. झोपाळ्याची कडी कुरकुरत होती आणि त्या लयीत कौतिकरावांची अठ्ठावीस वर्षे पुढे जात होती, मागे येत होती. एका म्हाताऱ्या बाईच्या मंगल रिवाजाला त्यांनी परीक्षकाची खूण समजून घेतले होते. ज्या दरबारात ते रोज कुर्निसात करीत, तिथे सिंहासनच नव्हते. आता मनातल्या मनात हसून घरी जावे आणि स्वतःला मूर्ख म्हणून मोकळे व्हावे, असा एक सोपा रस्ता समोर होता. आणि सोपा होता म्हणूनच त्यांच्यातला वाद घालणारा माणूस तिथे अडून बसला. मर्जी वापरली गेली नाही, याचा अर्थ ती नव्हती असा होत नाही. तपासून पाहिले पाहिजे.

"शेठजी, गौरवग्रंथात मी सुपडूचं लिहिलं असतं तर? ग्रंथालयातला सुपडू. माफीनाम्यावर सही केली नाही तो."

शेठजींनी पाय जमिनीला टेकवला. झोपाळा थांबला. म्हातारपणाने ओलसर झालेल्या त्यांच्या डोळ्यांत जुना व्यापारी क्षणभर येऊन उभा राहिला, आणि तो प्रामाणिक होता. "तेव्हा? मला कोणीतरी वाचून दाखवलं असतंच. मग तुम्हाला ठेवलं नसतं, सर. खोटं कशाला बोलू." मग पाय पुन्हा उचलला. "आता काय त्याचं. आता लिहा. माझी परवानगी आहे. घर काय, तुमचंच आहे."

सगळे असे दोन वाक्यांत सिद्ध झाले होते. धनी होता. तो झोपाळ्यावर बसला होता, त्याला वाचता येत नव्हते, तो दयाळू होता, आणि तो होता. पण सिद्धतेचा आनंद होण्यापूर्वीच कौतिकरावांना दुसऱ्या वाक्याचा काटा रुतला. परवानगी मिळाली होती. आता सुपडूबद्दल लिहिले तरी ते हिवाळ्यातल्या त्या सणासारखे होणार. जी गोष्ट त्यांना स्वतः उचलून घ्यायची होती, ती कोणीतरी उचलून त्यांच्या ओंजळीत घातली होती. नकार आला असता तर निदान त्याला धडक देता आली असती. होकाराला धडक कशी द्यावी? चहा आला. कप हातात धरून ते बसून राहिले, आणि बशीत सांडलेल्या चहाच्या वर्तुळाकडे पाहता पाहता त्यांना कळले की होकार आणि नकार ही एकाच दाराची दोन कवाडे आहेत, आणि दार वाजवले तरच ती हलतात.

"शेठजी, मी विचारायला आलो नव्हतो," ते म्हणाले. आवाज थोडा फाटला. त्यांनी तो सावरला. "सांगायला आलो होतो."

हे खोटे होते. घरापासून इथवर येताना ते विचारायलाच येत होते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. परंतु वाक्य उच्चारून झाले आणि ते खरे झाले. असे वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलले होते. शेठजी रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "चहा गार होतोय."

घरी परतल्यावर त्यांनी सगळे क्रमवार सांगितले, वाद-प्रतिवादासह. ज्योतीबाई कूलरमध्ये पाणी ओतता ओतता ऐकत होत्या. "घर तुमचंच आहे असं म्हणाले?"

"हो."

"ज्याचं असतं त्याला असं कोणी सांगत नाही." त्यांनी बादली खाली ठेवली. "भुसावळला आईची खोली रिकामी आहे. दोन गाड्या खालून जातात, तेवढा खडखडाट. मी कोपऱ्यावरून केळीची खोकी सांगून ठेवते. तुमची पुस्तकं त्यात मावतील, तुमचे स्वल्पविराम मावायचे नाहीत."

"इतकी वर्षं तू काही बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं होतं कुठं? सगळं विचारायचं ते शेठजींना."

खोकी दुसऱ्या दिवशी आली. बावीस पानांत कौतिकरावांनी तेविसावे पान घातले. चार वाक्ये त्यांना एकवीस वर्षांनंतर, एका शब्दाचाही फरक न होता आठवली. स्मरणशक्तीचा त्यांना नेहमीच गर्व होता, पण हे स्मरण नव्हते. वाक्ये त्यांच्याच जवळ होती, खिशात पडून राहिलेल्या किल्लीसारखी, जिचे कुलूप बदलले असेल म्हणून हात घालायचे टाळावे तशी.

धुळ्याची बस पाळधी, एरंडोल, पारोळा करीत निघाली. खिडकीतून केळीच्या बागा मागे पडत होत्या, घड काढून झालेल्या, फाटक्या पानांच्या. एरवी प्रवासात ते मनातल्या मनात भाषण म्हणत. आज म्हणवेना, मन एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जात होते. सुपडूचे नाव भर सभेत घ्यायचे, तर सुपडूला काय वाटेल? त्याने कधी आपले नाव छापा म्हटले होते? धुळ्याअलीकडच्या फागण्याजवळ त्यांनी ठरवले, आधी त्याला भेटायचे. तो धुळ्यात पाच नंबरच्या गल्लीत सायकली दुरुस्त करतो, एवढे त्यांना कळले होते. कळून अकरा वर्षे झाली होती.

दुकान म्हणजे एक पत्र्याची टपरी आणि तिच्यासमोर उलटी उभी केलेली सायकल. सुपडू पाण्याच्या पातेल्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होता. केस पांढरे, डोके उघडे. त्याने मान वर केली, क्षणभर पाहिले आणि अगदी काल भेटल्यासारखा म्हणाला, "सर, तुमी उनात? बठा ना." तेलकट स्टूल त्याने फडक्याने पुसले. कौतिकराव बसले. बोलायला घेतले आणि त्यांचे सगळे बांधेसूद मराठी कुठल्या कुठे गेले. धरणगावच्या मळ्यातली, आईच्या तोंडची बोली जिभेवर आली. त्यांनी माफी मागितली. गौरवग्रंथ, चार वाक्ये, बदललेले पान, सगळे सांगितले. मग टोपीचे सांगितले, रोमचे सांगितले. ती टोपी काढून ठेवणे म्हणजे केवढा अर्थ होता, हे सांगताना ते उभेच राहिले.

सुपडूने ट्यूबला पावडर लावली. "मन्ही टोपी नव्हती ती, सर. कॉलेजनी व्हती. ज्यानी त्याले दिधी."

कौतिकरावांच्या मनातून एक सुंदर उपमा गळून पडली आणि तिच्या जागी काहीतरी अधिक भक्कम उभे राहिले. "आणि सही का केली नाहीस, सुपडूभाऊ?"

"मी चुकनूच नही, ते माफी कसाले मांगू?" तो हसला. दात दोन कमी होते. "बाईनी चार दिन रुसवा धरा. मंग ह्या दुकान टाकं. आते कोणले इचारनं पडत नही, कव्हय उघडू नि कव्हय बंद करू."

"आज संध्याकाळी तुझ्यावरची चार वाक्यं वाचू का सभेत?" कौतिकराव म्हणाले. "तू म्हणशील तर."

सुपडूचा हात थांबला. त्याने त्यांच्याकडे जे पाहिले त्यात राग नव्हता, थोडी थट्टा होती आणि बरीचशी माया. "वाक्य तुमनं शे. माले कसाले इचारतस?"

कौतिकराव रस्त्यावर आले तेव्हा उन्हे कलत होती. धुळ्याचे रस्ते सरळ, आखल्यासारखे; एका टोकाला उभे राहिले की दुसरे टोक दिसते. ते हसत होते. परवानगी मागण्याची सवय इतकी खोल गेली होती की स्वतंत्र होण्यासाठीही ते एका स्वतंत्र माणसाची परवानगी मागायला गेले होते, आणि त्याने ती द्यायला साफ नकार दिला होता. इतका मोठा उपकार त्यांच्यावर कोणी केला नव्हता. खिशात हात गेला. संस्थेच्या घराची किल्ली लागली. तीही ज्याची त्याला जाईल. पावले आपोआप मोठी पडत होती, आणि त्रेसष्टाव्या वर्षी गुडघे कुरकुरत नव्हते याचे त्यांना नवल वाटले.

वाचनालयाचे सभागृह निम्मे भरले होते. कौतिकराव एरवी भाषणाला गंभीर चेहऱ्याने उभे राहत. आज त्यांना आवाजाची भीती वाटली नाही, कारण तो कुणाच्या कानाच्या मापाने कापायचा नव्हता. रोम झाले, नाण्यांवरचा शब्द झाला, पुढे राजाच्या मर्जीविरुद्ध उठलेल्या माणसांनी तोच शब्द पुन्हा कसा उचलला तेही झाले. बाविसावे पान संपले. मागच्या दाराशी सुपडू येऊन उभा राहिला होता, तेलकट हात मागे बांधून. कौतिकरावांनी तेविसावे पान घेतले.

"आमच्या ग्रंथालयाच्या इतिहासात एका माणसाचे नाव न घेता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. परीक्षेच्या दिवसांत वाचनालय सहाला बंद करण्याचा हुकूम असताना सुपडू हिलाल सोनवणे यांनी ते नऊपर्यंत उघडे ठेवले. माफीनाम्यावर सही केली असती तर त्यांची नोकरी राहिली असती. त्यांनी सही केली नाही." ते थांबले. मग पानावर नसलेले एक वाक्य आले, बांधेसूद, पूर्ण, एका दमात. "ही चार वाक्ये लिहून मी एकवीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने कापली, त्या वेळी मला कोणीही तसे सांगितले नव्हते."

 मग दाराजवळच्या सायकलवाल्याकडे बघून एका म्हाताऱ्या शिक्षकाने हळूच सरकून त्याला बाकावर जागा केली. टाळ्या त्यानंतर वाजल्या. सुपडू बसला नाही. त्याने हात पुढे घेतला, कपाळाजवळ नेला आणि दुकान उघडे ठेवून आलेल्या माणसाच्या घाईने निघून गेला.

व्याख्यानमालेचा चिटणीस अमृत त्यांचा जुना विद्यार्थी. छापायला पाने हवीत म्हणून तो टेबलाशी आला. कौतिकरावांनी तेवीस पाने त्याच्या हातात दिली. अमृतने सवयीने पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. सरांच्या प्रत्येक हस्तलिखितावर तिथे काय असते हे जिल्ह्यातल्या सगळ्या छापखान्यांना ठाऊक होते.

"सर, कुंकू राहिलं वाटतं. जळगावला पाठवून मागवू का?"

"राहिलं नाही," कौतिकराव म्हणाले, आणि पेनाचे टोपण लावले. "लावलेलं नाही. असंच छाप."